पादचारी धोरण, पुणे

शहरातल्या रस्त्यांवर चालणाऱ्याला पहिला हक्क देणारे, पुणे महानगरपालिकेने 2016 साली मंजूर केलेले धोरण. रस्त्यांचे आराखडे कसे करावेत यासाठीची मार्गदर्शक तत्त्वेही महापालिकेने त्याच वर्षी स्वीकारली. देशात असे पाऊल उचलणाऱ्या सुरुवातीच्या शहरांत पुण्याची गणना होते. चेन्नईने मात्र चालणे आणि सायकल या दोन्हींसाठीचे धोरण 2014 मध्येच केले होते.

पार्श्वभूमी : 2022 साली भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. पुण्यातल्या ‘परिसर’ आणि ‘पेडेस्ट्रियन्स फर्स्ट’ या संस्थांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला.

मापे : धोरणाचा जीव मापांत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या संहितेनुसार निवासी भागात पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच अशी मोकळी जागा हवी, बाजारपेठेत रुंदी किमान 2.5 मीटर हवी. ही रुंदी खांब, झाडे, विजेचे फीडर पिलर आणि दुकानांच्या पायऱ्या वगळून मोजायची असते. कागदावर तीन मीटरचा दिसणारा पदपथ प्रत्यक्षात एका माणसापुरताही उरत नाही, तो या वगळण्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

पदपथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, हा नियम त्याहून महत्त्वाचा आहे. जुन्या पेठांत गुडघ्याला येणारे पदपथ आहेत. हातात भाजीची पिशवी असलेल्या आजी दर फाटकाशी उतरतात, उतारावरून पुन्हा चढतात आणि तिसऱ्या फाटकानंतर सरळ रस्त्याच्या कडेने चालू लागतात. पदपथ असून लोक तो वापरत नाहीत, ही तक्रार अशा वेळी पादचाऱ्याविरुद्ध नोंदवणे अन्यायाचे आहे. फाटकासमोर पदपथ तोडायचा नाही, त्याची पातळी तशीच राखून गाडीला चढ-उतार करायला लावायचे, हा त्यावरचा साधा उपाय. गल्लीच्या तोंडाशीही हेच करता येते. पदपथाच्या पातळीला उचललेल्या पट्ट्यावरून माणूस सपाट चालत जातो आणि वळणारी गाडी आपोआप मंदावते. वेगाचा हिशेब जिवाशी जोडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला, की प्राणघातक अपघाताची शक्यता सुमारे 4 टक्क्यांनी वाढते.

सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असे धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने 12 मीटरचा रस्ता दहा सेकंदांत पार होतो. पण सेकंदाला 0.8 मीटर चालणाऱ्या वृद्धाला पंधरा सेकंद लागतात. मधले पाच सेकंद तो सुटलेल्या गाड्यांसमोर असतो. रस्त्याच्या मध्यात थांबायला सुरक्षित जागा लागते ती या पाच सेकंदांसाठी.

जंगली महाराज रस्ता : 1970 च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने बांधलेला हा रस्ता खड्डे पडत नाहीत म्हणून महाराष्ट्रभर नावाजला गेला. ती कीर्ती डांबराची होती, पदपथांचा तीत उल्लेखही नसे. 2016 नंतरच्या पुनर्रचनेत जुनी झाडे राखून पदपथ रुंद केले गेले, बाके आली, मुलांसाठी खेळणी आली, सायकलींसाठी वेगळी पट्टी आली. पुण्यातले हे सर्वांत बोलके उदाहरण आहे: संध्याकाळी इथे लोक कामाशिवायही चालतात, थांबतात, बसतात. सायकलपट्टीवर दुचाकी चढणे आणि उभ्या राहणे मात्र पुरते थांबलेले नाही. पुण्यातल्याच औंध भागात कायमच्या बांधकामाआधी रंग आणि दोऱ्यांनी नवी मांडणी आखून तिची चाचणी घेतली गेली. चूक सिमेंटमध्ये पक्की होण्याआधी सापडावी यासाठी ही पद्धत फार मोलाची आहे.

लक्ष्मी रस्ता : 11 डिसेंबर 2021 रोजी या रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद ठेवून महापालिकेने पादचारी दिन साजरा केला. त्यानंतर 11 डिसेंबर हा दिवस दरवर्षी पाळला जातो. रस्ता कायमचा वाहनमुक्त करण्याबाबत व्यापारी आणि नागरिक यांच्यात मतभेद आहेत. धंद्यावरच्या परिणामाविषयी दोन्ही बाजूंनी दावे होतात.

पार्किंग : 2018 मध्ये महापालिकेने शुल्कासह पार्किंगचे धोरण निवडक रस्त्यांपुरते मंजूर केले. अंमलबजावणी रखडली.

फेरीवाले : पथविक्रेता कायदा 2014 चा. त्यानुसार फेरीवाल्यांसाठी जागा आखून देणे हा पदपथाच्या आराखड्याचाच भाग ठरतो.

मुंबईतला वेगळा मार्ग : मुंबईने पादचाऱ्याला वर उचलले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा पहिला स्कायवॉक 2008 मध्ये वांद्रे स्थानकाच्या पूर्वेला सुरू झाला. पुढे महानगरात असे अनेक उभे राहिले. स्थानकाच्या पुलाला थेट जोडलेले स्कायवॉक वापरात राहिले. जिथे जिने चढावे लागतात तिथे लोक खालूनच जातात. गाड्यांना मोकळा रस्ता मिळावा म्हणून माणसाने चढ-उतार करावा, ही या कल्पनेतली मूळ चूक आहे. पुणे धोरणाची दिशा नेमकी उलट आहे: ओलांडणे जमिनीवर, भुयारी मार्ग आणि पादचारी पूल अपवाद म्हणून.

कायदा : मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पादचाऱ्यांसंबंधी नियम करण्याचा अधिकार मिळाला. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि तो अपंगांनाही वापरता यावा, त्यावरील अतिक्रमणे हटवावीत, असे बजावले.

अन्य ठिकाणे : चेन्नईतल्या पाँडी बाजारात 2019 मध्ये रुंद पादचारी पट्टे झाले. दिल्लीत चांदणी चौकाचा पुनर्रचित भाग 2021 मध्ये खुला झाला. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे.