औषधे, मादक द्रव्ये आणि कामक्रिया

आजारावर घेतलेल्या औषधांमुळे किंवा नशेच्या पदार्थांमुळे कामेच्छा, लिंगाची ताठरता, योनिमार्गाचा ओलावा, वीर्यस्खलन आणि कामपूर्ती यांत होणारे बदल, हा या नोंदीचा विषय आहे. कामक्रिया मेंदूतील रासायनिक संदेशवाहक, संप्रेरके, मज्जातंतू आणि रक्तप्रवाह यांच्या मेळावर चालत असल्याने यांपैकी एकावर काम करणारे औषध तिच्यावरही परिणाम करू शकते.

नैराश्यावरील फ्लुओक्झेटीन, सर्ट्रालीन, पॅरोक्झेटीन ही औषधे सेरोटोनिन या संदेशवाहकाचा प्रभाव वाढवतात. त्याने मन सावरते, परंतु अनेकांची कामेच्छा मंदावते आणि स्त्री-पुरुष दोघांतही कामपूर्ती लांबते. याच विलंबाचा लाभ घेऊन त्या गटातील डॅपोक्सेटीन शीघ्रस्खलनावर दिले जाते. रिस्पेरिडोनसारखी मनोविकारांवरील औषधे डोपामाइन हा संदेशवाहक रोखतात, त्यामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून इच्छा ओसरते आणि स्त्रियांची मासिक पाळीही बिघडू शकते. रक्तदाबावरील थायाझाइड गटातील औषधे व अटेनोलॉल यांनी ताठरता कमी होऊ शकते. मात्र उच्च रक्तदाब आणि मधुमेह स्वतःच रक्तवाहिन्या खराब करत असल्याने प्रत्येक वेळी दोष गोळीचाच असतो असे नाही.

मद्याने संकोच सुटतो पण ताठरता ढळते, आणि दीर्घकाळच्या अतिसेवनाने यकृत व वृषणे यांची हानी होऊन टेस्टोस्टेरॉन हे पुरुषसंप्रेरक घटते. अफू व तिच्यापासून बनलेली द्रव्ये मेंदूकडून जननग्रंथींना जाणारे संदेश दाबून टाकतात. तंबाखूतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते; छत्तीसगडमध्ये दातांना लावला जाणारा गुडाखू हा तंबाखूचाच लेप असल्याने तो निरुपद्रवी मानणे चूक ठरते.

र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून मराठीत या विषयांवर उघड लिहिण्याची वाट पाडली, तरी तो मोकळेपणा बोलण्यात पुरेसा उतरलेला नाही. रायपूरच्या चौबे कॉलोनीत, जेथे महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, काय किंवा पुण्याच्या पेठांत काय, रक्तदाबाच्या गोळीची चर्चा दिवाणखान्यात होते, तिच्या कामक्रियेवरील परिणामाची मात्र बंद खोलीतही होत नाही. लाजेपोटी रुग्ण परस्पर गोळी सोडतो आणि मूळ आजार उलटतो. वस्तुतः मात्रा कमी करणे किंवा, नैराश्यात, बुप्रोपिऑनसारखे पर्यायी औषध देणे पुष्कळदा शक्य असते. म्हणून अशा परिणामाबद्दल डॉक्टरांनी आपणहून विचारायला हवे. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कामशक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे, तरीही तशा जाहिराती थांबलेल्या नाहीत, आणि ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत ताठरतेवरील सिल्डेनाफिल हे औषध छुपेपणाने घातलेले सापडले आहे.

सिल्डेनाफिल मुळात हृदयशूळावरील औषध म्हणून तपासले जात होते. 1998 मध्ये अमेरिकेत ते ताठरतेच्या तक्रारीसाठी मान्य झाले. लिंगातील रक्तवाहिन्या सैल ठेवणारा संदेश ते लवकर विरू देत नाही. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवली जाणारी सॉर्बिट्रेट ही नायट्रेट वर्गातील गोळीही त्याच मार्गाने रक्तवाहिन्या सैल करते, म्हणून दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब प्राणघातक पातळीपर्यंत कोसळू शकतो. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि त्याच गटातील टॅडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट वर्गातील औषध टाळायचे असते. सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिलची गोळी घेतलेल्याने छातीत दुखून रुग्णालयात पोहोचताच, सोबत कोणीही असले तरी, ती घेतल्याचे प्रथम सांगावे.