लव्ह बर्डच्या घरट्यात अंथरूण कशाचे?

पाळीव पक्ष्यांच्या दुकानांत 'लव्ह बर्ड' या नावाने सर्रास विकला जाणारा हिरवा, निळा वा पिवळा छोटा पोपट हा वस्तुतः लव्ह बर्ड नव्हे. त्याचे नाव बजरिगर, बोलीत 'बजी'. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले, तर बजरिगर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानांचा रहिवासी. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये त्याच्या जिवंत जोड्या इंग्लंडला नेल्या आणि तेथून हा पक्षी जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचला. भारतीय जातीचे पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. बजरिगर परदेशी असल्याने त्याला ती बंदी लागू होत नाही, हेही त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण.

हा पक्षी घरटे विणत नाही. मूळ प्रदेशात तो झाडाच्या ढोलीत, तळाशी साचलेल्या कुजक्या लाकडाच्या भुग्यावरच अंडी घालतो. त्यामुळे पाळणाऱ्याने हौसेने ठेवलेला कापूस, सुतळीचे तुकडे वा वाळके गवत त्याच्या उपयोगाचे नसते. कापसाचे व सुताचे धागे पिलांच्या नखांत अडकतात, पायाला वेढा पडून रक्तप्रवाह थांबतो. मादीने ते चावून गिळले, तर अन्नपिशवीत गोळा होऊन बसतो.

मग पेटीचा तळ मोकळाच ठेवावा काय? तसेही नव्हे. गुळगुळीत, सपाट फळीवर अंडी घरंगळतात आणि पिलांच्या पायांना पकड मिळत नाही. वाढीच्या दिवसांत पाय दोन्ही बाजूंना फाकतात आणि वेळीच लक्ष न दिल्यास पिलू जन्मभर अधू राहते. म्हणून तळाच्या फळीला बशीसारखा खोलगट खळगा करून घ्यावा आणि त्यावर रंध्याखाली निघालेल्या लाकडाच्या जाडसर सालपटांचा दोन-तीन सेंटिमीटर थर द्यावा. पुष्कळदा मादी हा थर चोचीने व पायांनी बाहेर फेकून देते. तो तिचा स्वभाव आहे. अशा वेळी अंडी एकत्र राखण्याचे काम खळगाच करतो. सालपटांपेक्षाही खळगा महत्त्वाचा मानावा, तो यासाठी.

सालपटे कोणत्या लाकडाची, हा प्रश्न कोकणात विशेष विचार करण्याजोगा आहे. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर आपटा व हमरापूर या स्थानकांच्या मध्ये जिते आहे. पेण तालुक्यातील हा परिसर भातशेतीचा. पेंढा, भाताचे तूस, नारळाचा काथ्या, वखारीतला करवतीचा भुसा अशा वस्तू येथे सहज व जवळजवळ फुकट मिळतात. पक्षी पाळणाऱ्याचा हात साहजिकच प्रथम त्यांच्याकडे जातो. नेमक्या याच वस्तू टाळण्याजोग्या आहेत. पेंढा व तूस पावसाळी हवेत ओल धरतात आणि त्यांवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात. बुरशीचे बीजाणू तेथे रुजले की श्वासाला धाप लागते, शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली हलू लागते. ही लक्षणे दिसेपर्यंत रोग बहुधा बराच पुढे गेलेला असतो. काथ्याचे तंतू पायात गुंततात, आणि करवतीचा बारीक भुसा थेट नाकाडोळ्यांत जातो.

वखारीच्या भुशात आणखी एक धोका असतो. तो कोणत्या लाकडाचा, हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. त्यात सागाचा भुसा असतो, प्लायवुडच्या डिंकाचा अंश असतो, वाळवीच्या औषधात बुडवलेल्या लाकडाचाही असू शकतो. देवदाराच्या लाकडाला सुवास येतो, पण त्यातली तेले पक्ष्यांच्या श्वसनमार्गाला अपायकारक ठरतात. त्यातल्या त्यात निर्धोक म्हणजे चांगले वाळवलेले, कोणतीही प्रक्रिया न केलेले पाइन. सुतारांकडचे पाइन अनेकदा आयात मालाच्या खोक्यांचे असते. अशा लाकडावर शिक्का असतो. त्यात 'एचटी' ही रोमन अक्षरे असतील तर लाकूड केवळ तापवलेले असते. 'एमबी' असल्यास त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. दुसऱ्या प्रकाराच्या वाटेस जाऊ नये. खोक्यातून पूर्वी काय आले होते, हे कळत नसेल तर पहिल्याच्याही नाही.

हाच नियम पेटीलाही लागू. मादी पेटीचे लाकूड सतत कुरतडते, म्हणून आतून रंग, व्हार्निश वा प्लायवुड नको. साधारण १५ सेंटिमीटर लांब-रुंद, २५ सेंटिमीटर उंच आणि चार-पाच सेंटिमीटरचे गोल द्वार असलेली पेटी पुरेशी होते. आपल्याकडे पेटीऐवजी मातीचे मडके टांगण्याची जुनी पद्धत आहे. मडके स्वस्त, थंड, तळाला आपोआप गोलाकार आणि खराब झाल्यास फेकून देता येणारे. मात्र ते बिनरंगी, बिनचकाकीचे असावे आणि त्याच्या तळाशीही सालपटे हवीतच. पेण व हमरापूर परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. घरालगत असा कारखाना असेल, तर प्लास्टर ऑफ पॅरिसची धूळ आणि फवाऱ्याचे रंग यांपासून पिंजरा दूर ठेवणे अगत्याचे.

मादी एक दिवसाआड एक अशी साधारण चार ते सहा अंडी घालते व सुमारे अठरा दिवस उबवते. अंडी असताना पेटी हलवू नये. पिलेही दिवसाआड निघत असल्याने थोरल्या व धाकट्यात आठ-दहा दिवसांचे अंतर पडते. थोरले दहा दिवसांचे झाले की विष्ठेने थर चिकट होतो. तेव्हा पिले मऊ कापड घातलेल्या वाडग्यात ठेवून, ओली सालपटे काढून, तशीच नवी भरावीत. सारे काम काही मिनिटांत उरकावे. नाकातोंडावर कापड बांधावे, कारण पोपटवर्गीय पक्ष्यांच्या वाळक्या विष्ठेतून सिटॅकोसिस हा आजार माणसालाही होतो. डांबरगोळ्या वा कीटकनाशक पावडर पेटीत टाकू नये. पिंजऱ्याच्या तळाला मात्र वर्तमानपत्राचा कागद उत्तम. तो रोज बदलता येतो आणि विष्ठेत झालेला फरक त्यावर चटकन दिसतो.

ऑस्ट्रेलियात हा पक्षी पावसानंतर वितो, कारण तेव्हा गवताचे बी मुबलक होते. त्यामुळे येथे मृग बरसला की नर-मादी जोमात येतात. परंतु रायगडचा पाऊस वेगळा. जून ते सप्टेंबर हवेतली ओल हटत नाही आणि कोरडी म्हणून भरलेली सालपटे दोन दिवसांत दमट होतात. या काळात पेटी काढून ठेवणेच इष्ट. पेटी नसली की बजरिगर सहसा अंड्यावर येत नाही. सालपटे मे महिन्याच्या उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवावीत. कुबट वास आलेली सालपटे पुन्हा उन्हात घालून वापरू नयेत. उन्हाने ओल जाते, बीजाणू जातातच असे नाही.