स्टेडियममधील कचरा व्यवस्थापन

स्टेडियममधील कचरा व्यवस्थापन : सामन्यांच्या वेळी होणारा कचरा मुळातच कमी करणे, उरलेला जागच्या जागी वेगळा करणे आणि त्यातील वस्तू पुन्हा वापरात आणणे यांसाठीची व्यवस्था. वस्तीतला कचरा दिवसभर थोडाथोडा साठत जातो. स्टेडियममध्ये तो काही तासांत हजारो हातांतून एकदम पडतो. मात्र आत काय येऊ द्यायचे आणि आत काय विकायचे हे आयोजकाच्या हाती असते. म्हणून हा प्रश्न सामन्यानंतरच्या झाडूपेक्षा प्रवेशद्वारावर आणि स्टॉलधारकांशी होणाऱ्या करारात अधिक सुटतो. येथे कोलकाता आणि त्याचे उपनगर बेहाला यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

कचऱ्याचे घटक : पाण्याच्या बाटल्या, पाउच व पेले, वेफर्सची चकचकीत पाकिटे, कागदी कप, खरकटे, झेंडे आणि फलक. पेट (PET) प्लॅस्टिकच्या बाटलीला भंगारात हमखास गिऱ्हाईक असते. कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून तो पाण्यात टाकला, की पेट तळाशी बसते आणि झाकणाचे हलके प्लॅस्टिक वर तरंगते. त्यामुळे दोन्ही सहज वेगळी होतात. पेटच्या चुऱ्यापासून पॉलिएस्टर धागा काढतात. २०१५ मध्ये भारतीय क्रिकेट संघासाठी नायकेने तयार केलेल्या प्रत्येक गणवेशात सरासरी ३३ वापरलेल्या बाटल्यांचे प्लॅस्टिक होते. वेफर्सच्या पाकिटात मात्र प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, तर कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. हे थर सुटे करणे खर्चाचे असल्याने असा माल सहसा कोणी घेत नाही. चांगली बाटलीही रश्शाने माखली की तिचा भाव पडतो. ओले-सुके एकत्र झाल्यावर निवडत बसण्यात म्हणूनच फारसे हशील नसते.

कोलकात्याची पार्श्वभूमी : कचऱ्यातून उत्पन्न काढण्याची या शहराची परंपरा जुनी आहे. शहराच्या पूर्वेला धापा येथे मुरलेल्या कचऱ्यावर भाजीपाला पिकवला जातो. लगतच्या पाणथळ भूमीत सांडपाण्यावर मत्स्यशेती चालते. सुमारे १२,५०० हेक्टरांची ही भूमी २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. कचरा बहुतांशी कुजणारा होता तोवर हे चक्र सुरळीत चालले. प्लॅस्टिकने त्यात खीळ घातली. खेळाच्या मैदानावरही तेच घडले. संत्री, जुन्या वर्तमानपत्राच्या ठोंग्यातली (पुडीतली) झालमुडी म्हणजे मसालेदार कुरमुरे आणि मातीच्या भांडातला (कुल्हडातला) चहा यांच्या जागी वेष्टनातले खाद्यपदार्थ आले.

कोलकात्याच्या ईडन गार्डन्स स्टेडियमवर १३ मार्च १९९६ रोजी झालेल्या क्रिकेट विश्वचषक उपांत्य सामन्यात भारताची धावसंख्या ८ बाद १२० असताना प्रेक्षकांनी मैदानात बाटल्या फेकल्या. सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला बहाल केला. अशा घटनांमुळे भारतातील स्टेडियमांत प्रेक्षकांना बाहेरून बाटली नेण्यास सामान्यतः मनाई असते. सुरक्षेसाठी ती योग्यच आहे. पण आत पिण्याच्या पाण्याचे पुरेसे नळ नसले, तर एका बाटलीऐवजी चार पाउच किंवा पेले जमिनीवर पडतात. सुरक्षेचा नियम करतानाच पाण्याची सोय ठरवावी लागते, ती यासाठी.

कायदा : घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी दररोज सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणाऱ्या आस्थापनांना ‘मोठे कचरा उत्पादक’ मानले आणि त्यांत स्टेडियमांचा नावानिशी उल्लेख केला. परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक लोकांचा कार्यक्रम घ्यायचा असेल, तर स्थानिक संस्थेला तीन कामकाजाचे दिवस आधी कळवणे आणि कचरा जागेवरच वेगळा करणे आयोजकावर बंधनकारक केले. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, तसेच प्लॅस्टिकचे झेंडे यांवर देशभर बंदी आहे.

पद्धती : पहिली पायरी वस्तू टाळण्याची : पाण्याचे नळ आणि धुऊन वापरायचे पेले. दुसरी पायरी वस्तू बदलण्याची. झाडग्राम, बांकुडा भागांत शालपानांच्या पत्रावळी होतात. त्या खरकट्यासह खतात जातात. मातीचा भांड प्लॅस्टिकपेक्षा बरा, पण भाजलेली माती कुजत नाही, त्यामुळे तो ओल्या कचऱ्यात टाकू नये. तिसरी पायरी अनामतीची : पेल्यामागे थोडी रक्कम घ्यायची आणि पेला परत आला की ती द्यायची. चौथी पायरी ओल्या-सुक्याच्या जोडडब्यांची. तेथे सांगायला स्वयंसेवक हवेत. केरळने २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत ‘ग्रीन प्रोटोकॉल’ राबवून एकदाच वापरायच्या वस्तूंना फाटा दिला. अटलांटातील मर्सिडीज-बेंझ स्टेडियमला २०२२ मध्ये शून्य-कचऱ्याचे प्लॅटिनम मानांकन मिळाले. त्यासाठी किमान ९० टक्के कचरा जमिनीत पुरण्यापासून आणि जाळण्यापासून वाचवावा लागतो. १९९८ च्या विश्वचषकापासून जपानी फुटबॉलप्रेमी सामन्यानंतर आपल्या आसनांभोवतीचा कचरा स्वतः उचलत आले आहेत.

बेहाला : डायमंड हार्बर रस्त्यालगतचे हे उपनगर १९८४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेत आले. भारताचे माजी कर्णधार सौरव गांगुली येथलेच. येथील सार्वजनिक जीवन पाड्यांतील, म्हणजे मोहल्ल्यांतील, क्लबांभोवती फिरते. बडिशा क्लबसारख्या मंडळांचे दुर्गापूजेचे मंडप सर्वत्र ओळखले जातात. मंडप उभारताना दिसणारी शिस्त, वर्गणीची सवय आणि हाकेला धावणारी तरुण मंडळी हे भांडवल मैदानावरच्या स्पर्धांनाही कामी येण्याजोगे आहे. शंभर माणसांचा नियम अशा स्पर्धांनाही लागू होऊ शकतो. कचरा डब्यात वेगळा टाकण्याची सवय पाड्यातल्या मैदानावर लागली, तर ती ईडनच्या प्रेक्षकागारात सोबत येते.

कचरावेचक : भारतात पुनर्वापराचा मोठा भार कचरावेचकांवर आहे. पुण्यात १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून कचरावेचकांना ओळखपत्र आणि हक्काचे काम मिळवून दिले. स्टेडियमच्या करारातही त्यांना स्थान, हातमोजे, निवडीसाठी सावलीची जागा आणि सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्न मिळायला हवे. प्रत्येक सामन्यानंतर कचऱ्याचे वजन प्रकारवार नोंदवून जाहीर करणे ही या व्यवस्थेची खरी कसोटी होय. वजन केल्याशिवाय कचरा कमी झाला की नुसता नजरेआड गेला, हे कळत नाही.