लहरींचा सातबारा

स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओ लहरींचा, वाद वर्गात शिकवायची वेळ आली की मी सुरुवात १९९३ च्या हिरो कपपासून करत असे. ईडन गार्डन्सवरचा उपांत्य सामना, दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्यात आणि चेंडू सचिनच्या हातात, एवढं म्हटलं की मागच्या बाकावरची मुलंही सावरून बसत. कायद्याच्या पुस्तकात मात्र ती स्पर्धा वेगळ्या कारणाने गेली.

बंगालच्या क्रिकेट संघटनेने प्रक्षेपणाचे हक्क टीडब्ल्यूआय या परदेशी कंपनीला विकले आणि दूरदर्शन बिथरलं. सामन्यांचं चित्र उपग्रहाकडे पाठवायची परवानगी रखडली, मुंबईच्या कस्टम्सने कंपनीची यंत्रसामग्री अडवली. सरकारचा आधार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याचा. तार यंत्रणा उभारण्याचा अधिकार फक्त सरकारचा, असं त्याचं कलम ४ सांगत होतं आणि बिनतारी संदेशही त्यातच धरले जात.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मुख्य निकालपत्र न्या. पी. बी. सावंत यांचं, मुंबई उच्च न्यायालयात वकिली करून पुढे गेलेले न्यायमूर्ती. लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. सरकारची मक्तेदारी त्यांनी अमान्य केलीच, पण थैलीशहांच्या हाती सगळं जाण्याचा धोकाही तितक्याच ठामपणे मांडला. हा दुसरा भाग लोक विसरतात, आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. लहरींवर देखरेखीसाठी सर्व थरांचं प्रतिनिधित्व असलेलं स्वतंत्र, स्वायत्त मंडळ नेमा, असा आदेशही न्यायालयाने दिला. १९९७ मध्ये ट्राय हे दूरसंचार नियामक प्राधिकरण आलं खरं, पण मोबाइलच्या लहरी वाटायचं काम दूरसंचार खात्याकडेच राहिलं.

त्या खात्याच्या संचार भवनात १० जानेवारी २००८ ला काय घडलं ते नीट बघायला हवं. लहरी ज्यांच्यासोबत मिळत त्या मोबाइल परवान्यांसाठी अर्जाची मुदत १ ऑक्टोबर २००७ अशी जाहीर झाली होती. तोवर ५७५ अर्ज आले. मग ही तारीख मागे ओढून २५ सप्टेंबर केली गेली आणि निम्म्याहून जास्त अर्ज बाद झाले. १० जानेवारीच्या दुपारी पावणेतीनला खात्याने कळवलं की साडेतीन ते साडेचारच्या दरम्यान येऊन इरादापत्रं घेऊन जा. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या नियमात प्रथम कोण, हे अर्जाच्या तारखेवरून ठरत असे. आता ते पैसे आणि कागद आधी कोण भरतो यावर ठरू लागलं. काही कंपन्यांचे डिमांड ड्राफ्ट आधीच काढून तयार होते. कोट्यवधींचा ड्राफ्ट तासाभरात निघत नाही, हे बँकेत काम केलेला कोणीही सांगेल.

देशभराच्या परवान्याची किंमत १,६५८ कोटी रुपये. हा भाव २००१ मधला. २००८ मध्येच नॉर्वेच्या टेलिनॉरने युनिटेकच्या नव्या मोबाइल कंपनीतल्या मोठ्या हिश्शासाठी सहा हजार कोटींहून अधिक रक्कम मोजायचं ठरवलं. त्या कंपनीकडे परवाने आणि लहरींशिवाय होतं काय?

कॅगचा १ लाख ७६ हजार कोटींच्या तोट्याचा आकडा, संसदेचं २०१० चं वाया गेलेलं हिवाळी अधिवेशन, वाटपाच्या वेळचे दूरसंचारमंत्री ए. राजा यांची अटक, हे सर्वांच्या लक्षात आहे. कॅगच्या आकड्यावर वाद घालायला जागा आहे. त्या दुपारबद्दल नाही. २ फेब्रुवारी २०१२ ला न्या. सिंघवी आणि न्या. गांगुली यांनी १२२ परवाने रद्द केले. पुढे २१ डिसेंबर २०१७ ला विशेष न्यायालयाने राजांसह सर्व आरोपींना निर्दोष सोडलं, तेव्हा ‘घोटाळा झालाच नव्हता’ अशी आवई उठली. फौजदारी गुन्हा सिद्ध न होणं आणि वाटप न्याय्य असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परवाने रद्द करणारा निकाल कायम आहे.

टेलिग्राफ कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला. लिलाव हा त्यात नियम. काही कामांसाठी मात्र लहरी लिलावाविना द्यायच्या, आणि त्या यादीत उपग्रह सेवाही आहेत. लिलाव नको असेल तर नसो. पण किंमत कशी ठरली ते लोकांपुढे यावं आणि तारखा मध्येच मागे ओढल्या जाऊ नयेत. वाटपाचा अधिकार आजही केंद्र सरकारकडेच आहे. सावंतांनी सांगितलेलं स्वतंत्र मंडळ या नव्या कायद्यातही नाही.