पोथीतले चित्र आणि मांडीवरचे मूल

पेडणे महालातील हळर्ण हे गाव शापोरा नदीच्या काठी वसलेले आहे. गावात किल्ला आहे, आणि त्या किल्ल्यापायी या लहानशा गावाचे नाव एकदा थेट लिस्बनच्या राजदरबारात जाऊन बसले, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना विदित असेल. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय दों पेद्रु मिगेल द आल्मेद, कास्तेलु नोव्हूचा मार्किस, याने हा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकून घेतला. १७४८ मध्ये पोर्तुगालच्या राजाने त्याची पदवी बदलून त्यास 'आलोर्नाचा मार्किस' केले. आलोर्ना म्हणजे आपले हळर्ण.

या मार्किसाची एक नात होती. तिचे नाव लियोनोर. तिचा जन्म १७५० सालचा. तिच्या आईचे वडील तावोराचे मार्किस. तेही त्याच वर्षी व्हाइसरॉय होऊन गोव्यात आले. म्हणजे पोरीचे दोन्ही आजोबा गोव्याच्या गादीवर बसून गेलेले. पुढे १७५८ मध्ये पोर्तुगालच्या राजावर प्राणघातक हल्ला झाला, त्याचा आळ तावोरा घराण्यावर आला, आणि १७५९ च्या जानेवारीत आजी-आजोबांना भर चौकात देहदंड झाला. जावयाला तुरुंगात टाकले. आठ वर्षांची लियोनोर, तिची आई व धाकटी बहीण यांना लिस्बनजवळच्या शेलास येथील मठात कोंडण्यात आले. तेथून सुटका झाली ती १७७७ साली, राजाच्या मृत्यूनंतर. या अठरा वर्षांत त्या मुलीला पुस्तकांचा आधार होता. ती वाचीत गेली, भाषा शिकत गेली, कविता करू लागली, आणि पुढे आलोर्नाची मार्किसा या नावाने पोर्तुगीज साहित्यात मान्यता पावली. १८३९ मध्ये ती वारली. हळर्णचे नाव परदेशी वाङ्मयात टिकले ते किल्ला घेणाऱ्या सेनापतीपेक्षा या पुस्तकांवर वाढलेल्या मुलीमुळे अधिक, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ही कथा प्रथम वाचली तेव्हा माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. त्याच काळी खुद्द हळर्णच्या मुलांपाशी काय होते?

छापील पुस्तक तर नव्हतेच. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ सालीच येऊन पोचले होते, सगळ्या हिंदुस्थानात पहिले. परंतु १७५४ मध्ये ते बंद पडले ते १८२१ पर्यंत बंदच राहिले, आणि चालू होते तेव्हाही आमच्या मुलांसाठी त्यातून काही निघत नव्हते. पण पेडणे महाल पोर्तुगीजांकडे कायमचा गेला तो १७८८ साली. तोवर या भागाचा ओढा सावंतवाडीकडे होता, आणि सावंतवाडीच्या आश्रयाने कुडाळजवळ पिंगुळी येथे ठाकर समाजाची एक विद्या नांदत होती. तिचे नाव चित्रकथी.

चित्रकथी म्हणजे चित्रांची पोथी दाखवून कथा सांगणारा. हातकागदावर रंगविलेली चित्रे, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटविलेली. अशा सुट्या पानांची एक पोथी, आणि एका पोथीत रामायणातील वा महाभारतातील एक आख्यान. रात्री देवळात दिव्याच्या उजेडात कथेकरी एक पान समोर उभे करी. वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने तो गाई, मध्येच थांबून गद्यात सांगे, पात्रांचे संवाद बदलत्या आवाजात म्हणे. तेवढा भाग संपला की पुढचे पान. ही कला आजही पिंगुळीस जिवंत आहे, तेथील श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देऊन सरकारने तिचा गौरव केला.

आता या रीतीकडे जरा बारकाईने पाहावे. चित्र स्थिर असते आणि शब्द वाहत असतात. ऐकणाऱ्याची दृष्टी एका जागी ठरलेली, त्यामुळे कानांना सवड मिळते. चित्रात नसलेले शब्दांतून कळते; शब्दांनी न सांगितलेले, म्हणजे सीतेच्या बसण्यातील खिन्नता किंवा मारुतीच्या शेपटीचा डौल, चित्रातून कळते. पान उलटण्यापूर्वी पुढे काय याची उत्कंठा लागते. आज विलायतेत व आपल्याकडे ज्यास मुलांचे चित्रपुस्तक म्हणतात, त्याचे सगळे मर्म एवढेच आहे. ते आपल्या देवळांच्या सभामंडपात आधीच येऊन गेलेले होते, हे मात्र आपण विसरलो.

परंतु ते चित्र मुलासाठी होते काय? येथे थोडे सावध राहिले पाहिजे. चित्रे दाखवून कथा सांगण्याची चाल आपल्याकडे फार जुनी. बाणभट्टाने हर्षचरितात एक प्रसंग वर्णिला आहे. पित्याच्या दुखण्याची वार्ता ऐकून हर्ष घाईने नगरात परततो, तेव्हा बाजारात त्याला यमपट दाखविणारा दिसतो. डाव्या हातात काठ्यांवर ताणलेला पट, उजव्या हातात बोरूची कांडी, पटावर भयंकर रेड्यावर आरूढ झालेला यम. आणि भोवती कुतूहलाने दाटी केलेली पुष्कळ मुले. सातव्या शतकातील ही मुले आपल्याला अगदी ओळखीची वाटतात. भीतीच्या चित्राभोवती मुले जमतात हे बाणाने पाहिले होते. रात्री घरी गेल्यावर त्यांतील कितीजण आईला बिलगून निजले, हे पाहणे त्याचे काम नव्हते. ते तुमचे-आमचे काम आहे.

माझ्या स्वतःच्या लहानपणी दहीकाल्याच्या रात्री आड-दशावतारात संकासूर येई. काळा वेष, लांब टोपरे, लाल जीभ. मी आजीच्या लुगड्यात तोंड खुपसून बसत असे आणि एका डोळ्याने पाहत असे. ती भीती गोड होती, कारण आजी होती. आणि विष्णू येऊन त्याचा निकाल लावणार हे तिने मला आधीच कानात सांगून ठेवले होते. पुढे एकदा कोणी वडीलधाऱ्याने नरकयातनांचे एक रंगीत चित्र समोर धरून "खोटे बोललास तर असे होईल" म्हणून दटावले. ते चित्र मला कित्येक महिने छळीत होते. दोन्ही चित्रे भयाचीच. पण एकात भय येऊन निघून जात होते, दुसऱ्यात ते माझ्याच पाठीशी लावून दिलेले होते. सौम्य पुस्तक म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मला पहिल्याने हा भेद आठवतो.

पाश्चात्त्यांनाही हा भेद एकदम कळला असे नाही. मुलांसाठी चित्रे घालून केलेले पहिले प्रसिद्ध पाठ्यपुस्तक कोमेनियसचे, १६५८ सालचे. त्यात जगातील वस्तू चित्रांनी ओळखवून दिल्या आहेत. परंतु १८४४ च्या नाताळात फ्रँकफर्टचा डॉक्टर हाइनरिश हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक आणायला बाजारात गेला, त्याला एकही पसंत पडले नाही, म्हणून त्याने कोरी वही आणून स्वतःच चित्रे काढली. ते पुस्तक पुढल्या वर्षी छापले गेले व जगभर गाजले. त्यात अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे एक शिंपी मोठ्या कात्रीने कापून टाकतो! बापाचे प्रेम खरे, श्रम खरे. आणि हाती काय पडले, तर कात्री.

मराठीत मुलांची पुस्तके प्रथम आली ती चित्रांवाचून. तंजावरास सरफोजी राजांच्या आश्रयाने १८०६ च्या सुमारास इसापाच्या गोष्टींचे 'बालबोधमुक्तावली' हे भाषांतर झाले. मुंबईस सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये 'इसापनीतिकथा' व 'बाळमित्र' ही पुस्तके दिली. बाळमित्राचे मूळ बेर्कें या फ्रेंच लेखकाचे. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' मासिक १८८१ चे, वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' १९०६ चे. या मंडळींचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्या डोळ्यांपुढचा वाचक अक्षरओळख झालेला, शाळेत जाणारा मुलगा होता. मांडीवर बसणारे, अजून अक्षर न ओळखणारे मूल त्यांच्या हिशेबात क्वचितच आले. 'चांदोबा' मराठीत १९५२ मध्ये आला आणि घरोघर रंगीत चित्रे घेऊन आला. परंतु विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ तीन वर्षांच्या मुलाला दाखवावा असा नव्हे.

त्या लहान मुलाकडे पाहिले ते बालमंदिरवाल्यांनी. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले. ताराबाई मोडक तेथे जाऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. मारिया माँटेसोरी बाईंना अगदी लहान वयात अद्भुतकथा पसंत नव्हत्या. गिजुभाई त्यांचेच अनुयायी. तरी गोष्टीच्या बाबतीत ते आपल्या वाटेने गेले व गोष्ट सांगण्याचे त्यांनी शास्त्रच लिहिले. मला वाटते, ज्या देशात आजी आहे त्या देशातला शिक्षक यापेक्षा वेगळे करूच शकला नसता.

गोव्यात मात्र हे वारे उशिरा पोचले. पोर्तुगीज अमलात मराठी शिक्षण देवळांच्या आश्रयाने व खाजगी घरांतून कसेबसे तगून राहिले होते. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि पेडण्याचेच सुपुत्र दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पुस्तके आली, पण ती धड्यांची. चित्रपुस्तक ही चैनीची वस्तू समजली जाई, आणि खरे सांगावयाचे तर अजूनही आपल्या घरांतून ती तशीच समजली जाते. वाढदिवसाला शंभर रुपयांचे खेळणे येते व आठवड्यात मोडते, त्याचे कोणाला काही वाटत नाही.

आता भाषेचा मुद्दा, जो या पृष्ठांच्या वाचकांस टाळता येणार नाही. पेडण्याच्या घरात बोलणे कोंकणी, पोथी व पुस्तक मराठी. १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली तेव्हा किती वाद माजला ते आपण पाहिले. डिचोलीस १८७७ मध्ये जन्मलेल्या शणै गोंयबाबांनी 'भुरग्यांलो इश्ट' लिहिले, त्याचा अर्थ 'बाळमित्र' हाच. दोन भाषांतील दोन पुस्तकांनी एकच नाव घ्यावे, याला काय म्हणावे? मांडीवरच्या मुलापाशी तो वाद पोचतच नाही. पुस्तकात 'खार' असे छापलेले असते, मूल बोट ठेवून "चानी" म्हणते, आजी "व्हय, चानी" म्हणून पुढे 'खार' वाचते. चित्र मध्ये असल्यामुळे दोन्ही शब्द एकाच शेपटीला जाऊन चिकटतात. मुलाची चूक काढून "चानी नव्हे, खार" असे म्हणणारा वाचक त्या क्षणी दोन्ही भाषांचे नुकसान करतो.

निवड कशी करावी, असे कित्येक पालक विचारतात. मी प्रथम शब्द झाकून चित्रेच पाहतो. केवळ चित्रांवरून गोष्ट थोडीबहुत कळत नसेल तर ते पुस्तक खाली ठेवावे. नंतर एक पान मोठ्याने वाचावे. पुष्कळ पुस्तके डोळ्यांना बरी दिसतात आणि जिभेवर अडखळतात, कारण ती भाषांतरे असतात व भाषांतरकाराने ती कधी उच्चारून पाहिलेली नसतात. शेवटच्या पानावर तात्पर्य छापलेले असेल तर ते वाचू नये. मूल विचारीत नाही आणि त्याला हवेही नसते. मग घर पाहावे. चित्रातले घर सदा धुराड्याचे आणि बर्फातले असेल, तर पुस्तकातले जग आपले नव्हे अशी मुलाची समजूत होते. या बाबतीत माधुरी पुरंदरे यांचे काम मला फार मोलाचे वाटते. 'राधाचं घर' या त्यांच्या पुस्तकांत लिहिणारा व रेखाटणारा हात एकच आहे. आई, बाबा, आजी, आजोबा, त्यांच्या साध्या सवयी, एवढाच ऐवज, आणि तो पुरतो. ज्योत्स्ना प्रकाशनाने ती पुस्तके काढली. २०१४ मध्ये साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्काराने बाईंचा सन्मानही झाला. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील पुस्तके स्वस्त असतात. सगळीच सरस नसतात, पण शोधल्यास चांगली सापडतात.

दुष्ट पात्र असूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. रावणावाचून रामायण नाही. परंतु तीन वर्षांच्या मुलासमोर रावणाचे पान किती वेळ उभे धरावयाचे, हे वाचणाऱ्याच्या हाती असते, आणि चित्रकथ्याचे कसब तेथेच होते. आणखी एक. मूल तेच पुस्तक पुन्हा पुन्हा मागते, त्याला कंटाळू नये. आपण तरी तीच सत्यनारायणाची कथा किती वेळा ऐकतो?

गेल्या पावसाळ्यात हळर्णला एका परिचितांच्या घरी मुक्काम पडला होता. वीज गेलेली, नदी भरून वाहत होती, अंगणात बेडकांचा गलका. पणतीशेजारी बसून घरच्या आजी साडेतीन वर्षांच्या नातीला हत्तीचे एक पुस्तक वाचून दाखवीत होत्या. पुस्तकातला हत्ती कोठल्या तरी रानातला होता. पोरीने पान दोन्ही हातांनी धरून ठेवले, उलटू दिले नाही. पेडण्यास श्रीभगवतीच्या देवळाच्या दाराशी जे दोन थोरले हत्ती उभे आहेत ते तिने जत्रेत पाहिलेले. "हो भगवतीचो हत्ती," ती म्हणाली, "हांगा कित्याक आयलो?"

आजींनी चष्मा सारखा केला. "पावस पडटा न्हय," त्या म्हणाल्या, "म्हणून रानांत गेला." आणि मग मराठीतली पुढची ओळ वाचू लागल्या.