पगाराच्या चिठ्ठीवरची दोन अक्षरे

२०२२ साली मी इंग्लंडात लेस्टर शहरी राहत होतो आणि एका दुकानात अर्धवेळ नोकरी करीत होतो. पगार महिना १,००० पौंड. त्यातले २०० पौंड प्राप्तिकरापोटी कापले जात. परक्या मुलखात सरकार कापते ते बरोबरच असणार, अशी माझी भाबडी समजूत. पगाराच्या चिठ्ठीवर ‘बीआर’ अशी दोन अक्षरे असत. सात महिने मी ती पाहिली. वाचली मात्र नाहीत.

अखेर पगारपत्रक करणाऱ्या बाईंनीच विचारले, “तुमची दुसरी नोकरी कुठे आहे?”

दुसरी नोकरी? मला तर ही एकच! मग उलगडा झाला. रुजू होताना भरलेल्या कागदावर, मुंबईत सोडून आलेली नोकरी मनात धरून, ‘मला आणखी एक नोकरी आहे’ या विधानापुढे मी खूण केली होती. करमाफीची रक्कम त्या दुसऱ्या नोकरीत वापरली जात असेल असे गृहीत धरून इथल्या साऱ्या पगारावर सरसकट २० टक्के कर बसत होता. ‘बीआर’चा अर्थ तोच. “कोड मला बदलता येत नाही,” बाई म्हणाल्या, “तुम्ही करखात्याला कळवा.”

मी कळवले, आणि त्या अक्षरांची कुळकथा शोधू लागलो.

दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटनमध्ये प्राप्तिकर हा मुख्यतः सुखवस्तूंचा विषय होता. युद्धाच्या खर्चाने तो कारखान्यातल्या कामगारापर्यंत पोचला. पण कापला जाई तो मागच्या सहामाहीच्या कमाईवरचा कर. जादा काम करून मिळवलेले पैसे खर्चून जात आणि कर मागाहून येई. युद्ध संपून जादा काम थांबले म्हणजे हे देणे भागवायचे कशातून? या पेचातून ‘कमवाल तसा भरा’ ही योजना निघाली. अर्थमंत्री सर किंग्जली वुड ती पार्लमेंटात मांडणार, त्याच दिवशी, २१ सप्टेंबर १९४३ रोजी, वारले. योजना ६ एप्रिल १९४४ पासून अमलात आली. तिच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक पॉल चेंबर्स. हे गृहस्थ १९३७ ते १९४० हिंदुस्थान सरकारचे प्राप्तिकर सल्लागार होते.

योजनेची खुबी कोडात आहे. माणसाची करमाफी किती, एवढेच तो मालकाला सांगतो. ती का, हे घरगुती प्रकरण खात्यापाशीच राहते. २०२१-२२ पासून सर्वसाधारण माफी १२,५७० पौंडांची. शेवटचा आकडा गाळून कोड होतो ‘१२५७एल’. दुसरी खुबी बेरजेची. दर महिन्याला वर्षारंभापासूनची सारी कमाई आणि तोवरची सारी माफी यांचा हिशेब नव्याने मांडतात. म्हणून कोड सुधारला की मागची चूक पुढच्या पगारात आपोआप फिटते.

अर्थात, कोड सुधारला तर! २०१० साली करखात्याने नव्या संगणकावर जुने हिशेब ताडून पाहिले, तेव्हा सुमारे ४३ लाख लोकांनी अधिक आणि सुमारे १४ लाखांनी कमी कर भरल्याचे निघाले. अधिक भरणाऱ्यांना परतावा मिळायचा होता; कमी भरणाऱ्यांकडे मात्र मागणीपत्रे गेली. एवढ्या लोकांच्या हाती चिठ्ठ्या पडत होत्या, आणि त्या माझ्यासारख्याच न वाचता खिशात जात असाव्यात.

नोव्हेंबरच्या चिठ्ठीवर ‘१२५७एल’ आले. आठ महिन्यांची कमाई ८,००० पौंड, माफी ८,३८०. म्हणजे कर शून्य. कापलेले १,४०० पौंड पगाराबरोबरच परत मिळाले.

मी बाईंचे आभार मानू लागलो. त्या म्हणाल्या, “पैसे तुमचेच होते. पुढच्या वेळी मी विचारीपर्यंत थांबू नका.”

आता चिठ्ठी आली की मी आकड्याआधी अक्षरे वाचतो.