भायखळ्याहून निघालेला बंब

मुंबईकराच्या लेखी अग्निशमन दल म्हणजे भायखळा. केंद्रे शहरभर पसरलेली आहेत, पण नियंत्रण कक्ष इथे, प्रमुख अधिकारी इथे आणि दलाच्या हुतात्म्यांचे स्मारकही इथेच. बापूराव जगताप मार्गावरून रोज जाणाऱ्यांना त्या लाल गाड्यांचे काही वाटेनासे झाले आहे. न वाटलेलेच बरे म्हणा. ज्याला बंबाची वाट बघावी लागते, त्याचा दिवस काही बरा गेलेला नसतो.

दलाची मुळे मात्र भायखळ्यात नाहीत, कोटात आहेत. 17 फेब्रुवारी 1803 रोजी कोटातल्या बाजारात आग लागली आणि तटाच्या आतली जवळजवळ एक तृतीयांश वस्ती भस्मसात झाली. लाकडाची घरे, एकाला एक लागून उभी, मधले बोळ अरुंद. विझवायला हाताशी घागरी आणि बादल्या. या आगीनंतर कंपनी सरकारने कोटातली दाटी कमी करायचे मनावर घेतले आणि लोकांना तटाबाहेर वसायला उत्तेजन दिले. मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी हा सगळा टापू त्यानंतर झपाट्याने भरत गेला. लोक आगीला भिऊन बाहेर आले खरे, पण येताना दाटी आपल्याबरोबर घेऊन आले. तिची किंमत अग्निशमन दल अजून मोजते आहे.

सुरुवातीला आग विझवणे हे पोलिसांचे जोडकाम होते. चोर पकडायचे, गर्दी आवरायची आणि आग लागली तर तिकडे पळायचे. 1855 मध्ये घोड्यांनी ओढायचे बंब आले. पण जोडकाम ते जोडकामच. 1 एप्रिल 1887 पासून दल महापालिकेच्या जबाबदारीवर उभे राहिले. पुढच्याच वर्षी आलेल्या 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने आग विझवणे आणि आगीत जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. म्हणजे पैसे उरले तर करू, असे म्हणायची सोय राहिली नाही. 1890 मध्ये लंडनच्या दलातले डब्ल्यू. निकल्स पहिले पूर्णवेळ प्रमुख म्हणून आले. 1907 मध्ये पहिला मोटारबंब आला आणि घोड्यांचे दिवस सरू लागले. 1913 मध्ये रस्त्यांवर आगीची सूचना देणाऱ्या पेट्या बसल्या: काच फोडायची आणि केंद्रात घंटा वाजायची.

याच काचेच्या पेटीने 1944 मध्ये एक विचित्र काम केले.

12 एप्रिलला एस. एस. फोर्ट स्टिकीन हे जहाज व्हिक्टोरिया गोदीत लागले. कापसाच्या हजारो गाठी, तेल, सोन्याच्या विटा आणि सुमारे 1400 टन स्फोटके असा सगळा माल त्यात होता. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवू नये हे कुठल्याही वखारवाल्याला कळते. पण ते युद्धाचे दिवस होते आणि जहाजांचा तुटवडा होता. शिवाय स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. 14 तारखेला दुपारी दुसऱ्या क्रमांकाच्या तळखणातून धूर दिसला. गोदीतल्या अग्निशामकांनी मोठ्या आगीची वर्दी फोनवरून द्यायला माणूस धाडला. त्याला सापडलेल्या फोनला डायलच नव्हती. त्याने जवळची काच फोडली. नियंत्रण कक्षाला कळले ते एवढेच, की गोदीत कुठेतरी आग आहे. नेहमीच्या वर्दीला जातात तसे दोनच बंब निघाले.

जहाजावर काय भरले आहे ते कळल्यावर आणखी गाड्या धावल्या. जवानांनी 900 टनांहून अधिक पाणी आत ओतले. जहाज तिथेच बुडवायचे की ओढून बाहेर न्यायचे यावर अधिकाऱ्यांत चर्चा होत राहिली आणि निर्णय कुणीच घेतला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. दलाचे 66 जण त्या दुपारी गेले. ते हातात पाईप धरून जहाजावर आणि धक्क्यावर उभे होते.  उरलेल्यांनी पुढचे कित्येक दिवस गोदीभोवतीच्या वस्त्यांतल्या आगी विझवल्या. भायखळ्याचे स्मारक त्या 66 जणांचे आहे. 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि तिथून सप्ताह सुरू होतो, तो याच दुपारमुळे. शाळेतल्या मुलांना या दिवशी बंब दाखवतात, पाण्याचे फवारे उडवतात. त्यातल्या किती जणांना गोदीची गोष्ट सांगतात, हा प्रश्नच आहे.

स्वातंत्र्यानंतर दलाला भारतीय प्रमुख मिळाले, आणि शहर वाढले तसे दलाचे काम भलतीकडेच पसरले. आज केंद्रावर येणाऱ्या वर्दीत आग असेलच असे नाही. पावसाळ्यात झाड पडले, इमारत कोसळली, लिफ्टमध्ये म्हातारी माणसे अडकली, रस्त्यावर तेल सांडून दुचाकी घसरू लागल्या, पोराची मान जाळीत अडकली, संक्रांतीला मांजात घार लटकली: सगळ्यांचा फोन इथेच. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात ताजच्या खिडक्यांना शिड्या लावून पाहुण्यांना उतरवणारेही हेच होते. आणि हे करणाऱ्यांचे बिऱ्हाड बहुधा केंद्राच्याच आवारात असते. घंटा वाजली की खाली बाप गाडीत चढतो आणि वर घरातल्यांना ती ऐकू येते. अलीकडे गाडीत आईही चढू लागली आहे.

नियंत्रण कक्षातले बोलणे साधारण असे चालते.

‘साहेब, लवकर या, आग लागलीय!’

‘कुठे लागलीय?’

‘आमच्या बिल्डिंगमध्ये!’

‘बिल्डिंगचं नाव सांगा, गल्ली कुठली? कितवा मजला? आत कोणी अडकलंय का?’

पलीकडून आरडाओरडा ऐकू येत असतो, आणि पत्ता विचारणाऱ्याला आवाज चढवून चालत नाही. तो बोलत असतानाच गाडी फाटकाबाहेर पडलेली असते. मिनिटे जातात ती बहुतेक वेळा मोठ्या रस्त्यावर नाहीत, शेवटच्या वळणावर. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, फाटकावर मांडवाची कमान, चाळीच्या जिन्यात जुने कपाट आणि सायकली. मोठी शिडी तर अशा गल्लीत वळतच नाही. मग जवान उतरतात, पाईप खांद्यावर घेतात आणि पायी आत जातात.

9 मे 2015 ची संध्याकाळ अशीच होती. काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. रहिवाशांना बाहेर काढले, आणि आग आटोक्यात आणण्यासाठी अधिकारी स्वतः आत शिरले. इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई जागीच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि प्रमुख सुनील नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत रुग्णालयात झुंजले. मे महिना संपायच्या आत दोघेही गेले. दलाचा प्रमुख आगीत जातो तेव्हा त्याने मागे उभे राहून हुकूम सोडले नव्हते एवढे कळते. शौर्य, आत्मसंयमन आणि त्याग हे दलाचे ब्रीद आहे. मला त्यातला मधला शब्द सर्वांत अवघड वाटतो.

काळबादेवी म्हणजे 1803 च्या आगीनंतर भरलेला तोच टापू. लाकडी तुळया तशाच आहेत; त्यांना जुनाट वायरिंग, माळ्यावरची गोदामे आणि एसी यांची भर पडली. पागडीची घरे, घरमालक आणि भाडेकरू यांचे जुने तंटे, त्यामुळे दुरुस्ती कोणी करायची ते ठरत नाही. दल यात काही करू शकत नाही. ते फक्त शेवटी बोलावले जाते.

खरे तर कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. इमारतीतली आगविरोधी यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी त्याने मालक आणि वापरणारे यांच्यावर टाकली. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून दाखला द्यायचा असतो. उंच टॉवरला हे टाळून चालतच नाही, कारण शिडी कितीही लांब आणली तरी कुठेतरी संपते. त्यापुढे इमारतीची स्वतःची पाण्याची उभी वाहिनी आणि आसऱ्याचा मजलाच कामी येतो. प्रत्यक्षात तो मजला कुठे पार्टीसाठी, कुठे अडगळीसाठी वापरलेला दिसतो, आणि पाईपचा नळ कुणीतरी विकून टाकलेला असतो. 29 डिसेंबर 2017 च्या रात्री कमला मिलमधल्या आगीत 14 जण गेले, तेव्हा तपासण्यांची लाट आली आणि ओसरलीही.

आपल्या सोसायटीची पुढची सभा होईल तेव्हा पार्किंगच्या भांडणाआधी तीन गोष्टी विचारून घ्या: जुलैचा दाखला दिला का, गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे, आणि बंब फाटकातून आत येईल का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर गाड्या त्याच आठवड्यात हलवा. आणि 101 ला फोन कराल तेव्हा आधी पत्ता सांगा.